मुक्कामाला बंदी

साहेब, आम्हाला बेटावरून उठवलंत ते तुम्हीच. माणसं राहिली की प्रवाळ मरतं, म्हणालात. आता मी तुमचाच गाईड आहे. रोज बोट भरून पाहुणे आणतो, डोळ्यांना गॉगल आणि तोंडात नळी लावून त्याच प्रवाळावर सोडतो, मग बेट दाखवतो आणि अंधार पडायच्या आत शिट्टी वाजवून सगळ्यांना परत नेतो.

आज आई तिकीट काढून आली. पाण्यात उतरलीच नाही. लाइफ जॅकेट घालूनच आमच्या जुन्या घराच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. त्या घरात आता पाहुणे कपडे बदलतात. मी शिट्टी वाजवली. सगळे बोटीत चढले, ती सोडून.

"आई, ऊठ. इथे मुक्कामाला बंदी आहे."

"मुक्काम? मेल्या, याच खोलीत जन्मलास तू."

"लोक बघतायत गं. नोकरी जाईल माझी."

"मग ओढ मला. मागच्या वेळी तुझ्या साहेबाची चार माणसं लागली होती."

बोट थांबलीय, साहेब. या वेळी ओढायला तुम्ही स्वतः येताय, की तेही तिच्या पोटच्या पोराकडूनच करून घेणार?