एकही सुई नाही

इमारतीत गोवराची साथ शिरली आणि सासऱ्यांना आणखीच चेव चढला. समोरच्या घरातली दोन्ही मुलं तापाने फणफणली होती; यांची नात मात्र सोफ्यावरून उड्या मारत घर डोक्यावर घेत होती.

"एकही सुई टोचू दिली नाही मी हिला! आहे का अंगावर एक तरी पुरळ?" जिन्यात भेटेल त्याला अडवून ते ऐकवायचे.

सुनेने लशीचा विषय काढला होता, तेव्हाच त्यांनी तिला बजावलं होतं, "सुई टोचलीस, तर पोरीला इथे ठेवायचं आणि माहेरचा रस्ता धरायचा." शेजारीच बसलेल्या नवऱ्याने पेपरात डोकं खुपसलं होतं.

आज धाकटी नणंद आपल्या रांगत्या लेकाला घेऊन आली. "उद्या याला गोवराची लस द्यायची आहे, पण बाबा नको म्हणतात. वहिनी, तुझी पोर बघ कशी ठणठणीत आहे! तूच सांग, काय करू?"

सासरे डोळे रोखून बघत होते.



"बागेत नेते" असं सांगून लेकीला गोवराच्या लशीचे दोन्ही डोस गुपचूप देऊन आणलेली सून म्हणाली, "बाबा सांगतात तसंच कर."