पाइपच्या तोंडाशी

आई गेल्यापासून तिचं कपडे वाळवायचं मशीन बंदच होतं. भावाने प्लगही काढून ठेवला होता. तरी त्या बिनखिडकीच्या खोलीच्या भिंतींना अजून घाम सुटायचा.

मिस्त्रीने मशीनमागचा तुंबलेला पाइप ओढून काढला. आत हिरव्या लोकरीचा पुंजका होता, ओला आणि गरम. आईला शेवटचं नेलं तेव्हा तिच्या अंगात हिरवा स्वेटर होता.

"मशीन आत्ताच लावलं होतं का?" मिस्त्रीने विचारलं.

"भोक बुजवून टाका," भाऊ घाईने म्हणाला.

"खबरदार!" त्याची मोठी बहीण म्हणाली. "पत्र्याचा नवा पाइप घाला, सरळ बाहेरच्या भिंतीतून काढा. कोंदट जागेत आईचा जीव गुदमरायचा, विसरलास?"

"ताई, वेड लागलंय तुला."

"लागू दे."

काम झाल्यावर ती बाहेर जाऊन भिंतीशी उभी राहिली. पाइपच्या तोंडावरची झडप आपोआप उचलली गेली आणि दमट, गरम हवा तिच्या गालावर आली. मग हवा थांबली, आणि उलटी आत जाऊ लागली.

"घे आई, छाती भरून श्वास घे."

तिची सुटलेली बट पाइपात शिरली आणि आतून कोणीतरी धरावी तशी ताणली गेली.

ती मागे सरली नाही.