टबाखालची तार

या, असे जवळ सरकून बसा. कुठेच न जाणाऱ्या एका तारेची गोष्ट सांगतो.

परीक्षेला दहा मिनिटं उरली होती आणि क्लाइव्ह हॉवर्थ वर्गाच्या दाराशी गाडीची किल्ली चाचपत उभा होता. इंग्लंडातल्या बर्नली गावच्या घरांत तो तीस वर्षं न्हाणीघरं बसवत आलेला. टब आणि फरशीच्या कामात त्याचा हात कोणी धरू शकत नव्हतं. पण आता विजेच्या कामाचं प्रमाणपत्र हवं होतं. ते आज हाती पडलं नाही, तर सोमवारपासून नव्या वसाहतीतलं काम दुसऱ्याला जाणार होतं.

सकाळच्या तासाला शिकवणाऱ्या ग्लेनिसबाईंनी एक हिरवी-पिवळी तार वर धरली होती. जुन्या टबाखाली नळांना बांधलेली असते ती. क्लाइव्हने आजवर ती खुशाल कापली होती. ना ती दिव्याला जाते, ना गिझरला. नुसती मधे येते. मग जाते तरी कुठे? हा प्रश्न त्याला तीस वर्षांत पहिल्यांदा पडला आणि त्याने तो विचारून टाकला. वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. ती कुठेच जात नाही, त्या म्हणाल्या. नळ, पाइप, खोली तापवणारा रेडिएटर, सगळ्यांना ती एकत्र धरून ठेवते. एकात वीज उतरली, तरी त्यातल्या दोन वस्तूंना एकदम हात लागलेल्या माणसाला झटका बसू नये म्हणून.

तेव्हापासून टॅटरसॉल आजी या त्याच्या जुन्या गिऱ्हाइकाचं न्हाणीघर त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. तिथली तार त्याने गेल्या हिवाळ्यात कापली होती. आणि आज शुक्रवार. शुक्रवारी दुपारी आजी टबात बसून केस धुतात. काम चालू होतं तेव्हा त्या वेळेला त्या त्याला खुशाल बाहेर घालवायच्या. त्याने फोन केला. वाजत राहिला. ऐकायचं यंत्र काढून ठेवलेलं असणार.

शेजारच्या बाकावरचा रॉनी म्हणाला, म्हातारी इतके महिने जगली, आणखी तासभर जगेल की. बस खाली.

क्लाइव्ह बसला नाही.

तो गाडीने तिथे पोचला आणि बराच वेळ दार बडवल्यावर आजींनी ते उघडलं. अंगात झगा, खांद्यावर टॉवेल, आत पाणी पडत होतं.

"आता काय विसरलास रे पोरा?"

"एक तार, आजी."

पाणी बंद करून तो फरशीवर आडवा झाला, टबाच्या बाजूची फळी काढली आणि बॅटरी आत धरली. कापलेलं टोक तिथेच होतं. कधी न पाहिलेल्या गावाची वाट धुंडाळावी तसा तो त्या तारेमागे नळापासून पाइपापर्यंत नजर फिरवत गेला. मग त्याने ती जोडली, आवळली, ओढून पाहिली. आजींनी चहा बिस्किटं खायला लावूनच त्याला सोडलं.

तो परतला तेव्हा वर्ग रिकामा होता. सगळे पास झाले होते. ग्लेनिसबाई फळा पुसत होत्या. त्याने काहीही न लपवता सांगितलं.

"म्हणजे परवान्याशिवाय काम केलंस तर," बाई म्हणाल्या.

"तीस वर्षं तेच करतोय, बाई."

पुढची परीक्षा दोन महिन्यांनी होती. सोमवारचं काम गेलं, हे दोघांनाही ठाऊक होतं. बाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"नऊ वर्षं मी ती तार वर धरतेय. दर वर्गात सगळ्यांनीच ती कापलेली असते. सगळे मान खाली घालतात आणि परीक्षेला बसतात. उठून गेलेला तूच पहिला."

तेव्हा श्रोतेहो, उद्या अंगावर ऊन पाणी घ्याल, तेव्हा देवाच्या नावापाठोपाठ त्या परीक्षा बुडवलेल्या क्लाइव्हचीही आठवण काढा.