बांध

"अगं ए, पळत ये! ह्यो खुरपतोय!"

सोनबांची हाक ऐकून मुक्ताबाई लाटण्यासकट धावल्या. नवऱ्याला झटका आला, अशीच त्यांची खात्री होती. वाघोलीचं शेत बिल्डरला देऊन सातव्या मजल्यावर आल्यापासून सोनबा भिंतीसारखे गप्प होते. जेवणही सुटलं होतं. समोरच्या फ्लॅटमध्ये धाकटे भाऊ भैरू, त्यांचीही तीच गत. शेत होतं तेव्हा सामायिक बांधावरून दोघे रोज सकाळी एकमेकांना शिव्या घालत. आता लिफ्टमध्ये भेटले तर दोघेही पंख्याकडे बघत. "बोलतं करा त्यांना," डॉक्टर म्हणाले होते, "नाहीतर अवघड आहे."

म्हणून मुलाने खाऱ्या पाण्याची टाकी आणली. आत दगड, आणि खडकाळ समुद्रकाठचे दोन डॅमसेल मासे. सोनबांनी आजवर तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

आता ते काचेला नाक लावून बसले होते. दगडावर शेवाळाची हिरवी पट्टी होती. एक मासा त्यातलं नको ते तण तोंडाने उपटून हद्दीबाहेर थुंकत होता.

"आपल्या गड्यांपरीस बरा हाय," सोनबा म्हणाले.

टाकी साफ करायला आलेला जब्बार फडकं घेऊन खोळंबला होता.

तेवढ्यात दुसरा मासा घुसला आणि शेवाळाचा लचका तोडून पळाला. पहिला त्याच्या मागे लागला. सोनबा उभे राहून नाचू लागले. "हाण त्येला! बांध कोरतोय, चोर कुठला!"

समोरचं दार धाडकन उघडलं. भैरू बनियनवरच आत आले.

"चोर कुणाला म्हंतोस? पल्याडचा मासा माझा. त्येची हद्द तिथवर हायच."

"तुझ्या बापाची हद्द?"

"बाप एकच हाय आपला!"

दोघांच्या मानेच्या शिरा फुगल्या. खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात जमली. मुक्ताबाईंच्या डोळ्यांना पदर लागला.

जब्बार घाबरला. "काका, भांडू नका. मधे काच बसवतो. दोघं वेगळे, तंटा कायमचा बंद."

दोघे एकदम जब्बारकडे वळले. मग जन्मात पहिल्यांदा दोघा भावांचं एकमत झालं.

"खबरदार काच लावलीस तर!"

भैरूंनी खुर्ची ओढली आणि टाकीसमोर ऐसपैस बसले.

"वैनी, च्या टाका. ह्ये काय आज मिटत न्हाई. उद्याबी यावं लागंल."