साळूबाईची जबानी

डॉक्टर हबीब यांनी फुफ्फुसाचा तुकडा काचेच्या भांड्यातल्या पाण्यात सोडला. तो थोडा खाली गेला, वर आला आणि तरंगत राहिला.

"जिंदा पैदा हुआ था," पोलीस ठाण्याचे अमीनसाहेब म्हणाले आणि काखेतली टोपी त्यांनी डोक्यावर चढवली. त्यांच्यापुरतं काम संपलं होतं.

साळूबाई दाराशी उभी होती. शहागंजच्या मागच्या गल्ल्यांत तीस वर्षं ती बाळंतपणं करत आली होती, म्हणून आज अमीनसाहेबांनी तिला दवाखान्यात बोलावून घेतलं होतं. बाहेर ओसरीवर शिपायाजवळ बसवलेल्या वच्छलाबाईला तपासायचं आणि ही दोन दिवसांची बाळंतीण आहे की नाही, एवढंच सांगायचं. ते तिनं सांगितलं होतं. कागदावर अंगठाही उठवला होता.

वच्छलाबाई विधवा. खाम नदीच्या काठावर धोब्याला पुरलेलं लेकरू सापडलं, आणि तिच्या दिरानंच ठाण्यात जाऊन तिचं नाव घेतलं. एकटीच बाळंत झाले, मीच पुरलं, एवढंच ती सकाळपासून म्हणत होती.

"पाण्यानं काय सांगितलं, साहेब?" साळूबाईनं विचारलं.

डॉक्टर हबीब कुणाचाही प्रश्न टाळत नसत. "लेकरू मेलेलं जन्मलं तर फुफ्फुसात हवा नसते. ते बुडतं. श्वास घेतला असेल तर तरंगतं."

"अन् तरंगलं तर?"

"तर ते जिवंत होतं आणि आईनं मारलं," अमीनसाहेब म्हणाले. "तुझं काम झालं, बाई. जा घरी."

ती हलली नाही. पाण्यावरचा तो गुलाबी तुकडा चिंचोक्याहून मोठा नव्हता. दोन दिवस तिला भाकरीची चव लागत नव्हती. ओठांवर काहीतरी राहून गेलंय असं वाटायचं आणि कितीदा तोंड धुतलं तरी ते जायचं नाही.

"साहेब, लेकरू रडलं नाय तर आम्ही त्याच्या तोंडात फुकतो."

डॉक्टरांचा हात थांबला.

"ती हवाबी आत जात आसंल का?"

"जाते." त्यांनी सुरी खाली ठेवली. "पण ती बाई तर एकटी होती ना?"

"एकटी नव्हती. मी होते. फुकलं मीच. पुरलंबी मीच."

अमीनसाहेब सावकाश वळले. "मघाशी अंगठा दिलास तेव्हा हे का बोलली नाहीस?"

"मघाशी तुम्ही पाण्यात टाकलं नव्हतं."

मग डॉक्टर तिच्यासमोर येऊन उभे राहिले. "नीट आठवून सांग. कितीदा फुंकलंस?"

"तीनदा."

"आणि छाती?"

"तीनदाच उचलली."

"आपली आपण नाही? एकदाही?"

"नाय."

डॉक्टरांनी उरलेले तुकडे फडक्यात दाबून पाण्यात सोडले. दोन तरंगले. बाकीचे एकेक करून तळाला गेले. लेकरानं पुरता श्वास घेतला असता तर सगळेच तरंगले असते. गळ्यावर व्रण नाही, हे त्यांनी सकाळीच नोंदवलं होतं. शेवटी ते उर्दूत लिहू लागले आणि लिहिता लिहिता साळूबाईला कळावं म्हणून मराठीत बोलत गेले. "हवा फुंकेची असू शकते. लेकरू जिवंत जन्मलं होतं, असं म्हणता येत नाही."

"कागद हैदराबादला जाईल," अमीनसाहेब म्हणाले. "खुनाचं राहिलं नाही. पण चोरून पुरलं, मघाशी लपवलं, त्यासाठी अदालत आहेच. दोघींनाही. आणि यापुढं या शहरात कुणी तुला उंबऱ्यात घेणार नाही, समजून राहा."

"व्हय," साळूबाई म्हणाली.

शिपाई फकिरानं तिला बाहेर आणून वच्छलाबाईशेजारी बसवलं आणि स्वतः पायरीवर बसला. हिवाळ्याचं ऊन ओसरीत अर्ध्यापर्यंत आलं होतं.

"मावशी, मी तुमचं नाव घेतलं नव्हतं," वच्छलाबाई पुटपुटली. "कशाला मधी आलात?"

"गळ्याचा फास तर निघाला तुझ्या."

बाकीचं साळूबाईनं पोटातच ठेवलं. तिनं दोनदाच फुंकलं होतं. भर दुपारी, दिराच्या घरामागं, सरपणाच्या खोलीत. दुसऱ्या फुंकेनंतर ओठ पुसायला तिनं मान वर केली तेव्हा ती छाती पुन्हा एकदा उचलली होती. कुणी न फुंकता. मग तिनं त्या छातीवर कान ठेवला आणि दारातलं ऊन भिंतीवर चढेपर्यंत ठेवला. पुन्हा फुंकून बघितलं असतं तर, हे तिला नदीवरून परतताना सुचलं. आता तो एक श्वास तिसरी फुंक म्हणून सरकारी कागदावर साळूबाईच्या नावानं चढला होता.

"ते मेलेलंच आलं ना?" वच्छलाबाईनं विचारलं.

फकिरा मान वळवून ऐकत होता.

"मेलेलंच."

वच्छलाबाईनं पदर तोंडाशी धरला. पदराआडूनच ती म्हणाली, "तुम्ही बघू नको म्हणालात, म्हणून मी बघितलंबी नाय. पोरगं होतं का पोरगी?"

"पोरगी," साळूबाई म्हणाली. मग आवाज अगदी उतरवून म्हणाली, "हनुवटी तुझ्यावानी होती."