चिंधीची गाठ
बायको वारल्यावर म्हातारा वेल्डर चित्रकलेच्या वर्गाला जाऊ लागला. स्थिरचित्रासाठी त्याने तिची किटली नेली. मोडक्या मुठीला तिने चिंधी गुंडाळून गाठ मारली होती. "हात भाजतो हो, एकदा जोडून द्या," ती वर्षानुवर्षं म्हणायची. जगाची गेटं जोडणारा तो "उद्या बघू" म्हणून सटकायचा. "काका, माहीत आहे ते नको, दिसतं ते काढा," वर्गातल्या बाईंनी बजावलं. किटलीचं पोट जमलं, पण शरमेने चिंधीकडे बघवेना. घरी जाऊन त्याने ती कापून जाळली, मूठ एकदाची पक्की जोडली. पुढच्या तासाला बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, चित्र पुरं होईपर्यंत वस्तूला हातसुद्धा लावायचा नसतो! आता चिंधी आठवून काढा. गाठ कुठल्या बाजूला होती?" त्याने पेन्सिल टेकवली. वीस वर्षं त्याच किटलीतला चहा प्यायलेल्या माणसाला काही केल्या आठवेना.