बेरिलने काढून घेतलेल्या किल्ल्या

या, जरा जवळ सरका. कोविडमधली एका माणसाची खरीखुरी गोष्ट सांगतो. ऑस्ट्रेलियात कालगुर्ली शहरापलीकडच्या आमच्या खाणीच्या गावात पोलीस नव्हते. चौकी हवी, पण खर्च कोणी करायचा, म्हणून हॉलमध्ये मास्क लावून मीटिंग भरली. गावचं काउन्सिल म्हणे खाणवाल्यांनी, खाणवाले म्हणत सरकारने.

पबवाला म्हणाला, "मेट, दोस्ता, इतकी वर्षं पोलिसांवाचून काय अडलं?"

खाणीतला दत्तात्रय उठला. "तुझ्याकडून पिऊन निघालेल्यांच्या गाडीच्या किल्ल्या म्हातारी बेरिल काढून घ्यायची. सकाळी चहा पाजून परत द्यायची. गेल्या आठवड्यात ती कोविडने गेली. आज किल्ल्या कोण घेणार?"

पबवाला उठून उभा राहिला. मग म्हणाला, "चौकीच्या खर्चात माझा वाटा लिहा."

देवापुढे हात जोडाल, तेव्हा आमच्या बेरिललाही आठवा.